आराखडा टिकला, तरच यंत्र टिकते

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील गंजाड हे गाव वारली चित्रकलेमुळे सर्वदूर ज्ञात झाले आहे. जिव्या सोमा म्हसे यांचे वास्तव्य याच गावी होते. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री हा सन्मान लाभला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांची चित्रे अनेक देशांतील प्रदर्शनांत मांडली गेली होती. वास्तविक हे चित्र मुळात भिंतीचे. लग्नघरी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहावयाचा, आणि पुढे भिंत पुन्हा सारवली की तो पुसला जावयाचा, अशी रीत होती. सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलाप्रेमी कार्यकर्त्यांनी या पाड्यांवर कागद आणून दिला आणि भिंतीवरचे चित्र प्रवास करू लागले. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेषा एवढ्याच आकारांची ती भाषा असल्यामुळे ते चित्र कोठेही गेले तरी वाचता आले.

ज्ञान टिकावयाचे असेल तर ते टिकाऊ माध्यमावर उतरले पाहिजे आणि दुसऱ्यास वाचता येईल अशा लिपीत उतरले पाहिजे. चित्राला लागू असलेला हा नियम यंत्राच्या आणि इमारतीच्या आराखड्यालाही तितकाच लागू आहे. आज पूल, धरणाची दारे, जलकुंभ, पंप, शाळेच्या इमारती या साऱ्यांचे आराखडे संगणकावर तयार होतात, आणि तेही लांबी, रुंदी व उंची या तिन्ही मितींत. हे आराखडे वीस किंवा चाळीस वर्षांनी कोण उघडील व कशाच्या साहाय्याने उघडील, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्याचे उत्तर गावाच्या पाण्याशी आणि पैशाशी निगडित आहे.

हातपंपाचा धडा

या प्रश्नाचा उलगडा होण्यासाठी प्रत्येक पाड्याच्या परिचयाच्या एका यंत्राकडे पाहावे. ते म्हणजे विंधण विहिरीवरचा हातपंप, म्हणजेच हापसा.

१९६६-६७ च्या दुष्काळानंतर देशात कठीण खडकात विंधण विहिरी घेण्याच्या कामास मोठी गती मिळाली. त्या विहिरींवर प्रथम जे पंप बसविण्यात आले, ते बिडाचे होते आणि परदेशातील घरगुती पंपांच्या धर्तीवर बनविलेले होते. एका कुटुंबापुरते योजलेले यंत्र दिवसभर साऱ्या वस्तीने चालविल्यावर ते टिकणार कसे? १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद स्थितीत आढळले. प्रत्येक कारखान्याचा पंप वेगळा, त्याचे सुटे भागही वेगळे. एकाचा भाग दुसऱ्यास बसत नसे. विहिरीत पाणी असूनही बायकांना पुन्हा ओढ्याची वाट धरावी लागे.

या अडचणीवर उपाय शोधण्याच्या कामी महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या व स्थानिक कारागिरांच्या प्रयत्नांतून पोलादी बांधणीचे, अधिक दणकट पंप तयार झाले. ते 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' या नावांनी ओळखले जात. त्यांतील अनुभवाच्या आधारे युनिसेफ, चेन्नई येथील यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना यांनी शासनाच्या सहकार्याने नवा पंप आखला. १९७६-७७ मध्ये कोइमतूर परिसरात त्याच्या चाचण्या झाल्या. हाच 'इंडिया मार्क टू' पंप होय.

या पंपाची रचना साधी आहे. दांडा एका आसावर फिरतो. दांड्याच्या टोकाशी कमानीवरून जाणारी साखळी असते, त्यामुळे आतील सळई वाकडी न ओढली जाता सरळ उभी ओढली जाते. आसाला ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग लागते, आणि ते यंत्रसामग्रीच्या कोणत्याही दुकानात मिळते. परंतु या पंपाच्या यशाचे श्रेय केवळ बांधणीला देता येणार नाही. त्याचा आराखडा कोणाही एका कारखान्याच्या मालकीचा ठेवण्यात आला नाही, ही गोष्टही तितक्याच महत्त्वाची होती. त्याच्या प्रत्येक भागाचे माप, धातू आणि मापातील चालू शकणारा कमीअधिकपणा यांसह तो भारतीय मानक संस्थेने १९७९ साली 'आयएस ९३०१' या क्रमांकाने प्रसिद्ध केला. ज्याची कुवत असेल त्या कारखानदाराने तो बनवावा, स्वतंत्र तपासणीत तो उतरला तर शासनाने घ्यावा, अशी व्यवस्था झाली. त्यामुळे लाखोंच्या संख्येने पंप तयार झाले, किमती आटोक्यात राहिल्या आणि एका कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या पंपाला बसू लागला. पुढे दुरुस्ती अधिक सुलभ व्हावी म्हणून 'मार्क थ्री' पंप निघाला. त्यात आतील दट्ट्या वर काढण्यासाठी साऱ्या नळ्या उपसाव्या लागत नाहीत. त्याचे मानकही 'आयएस १३०५६' या क्रमांकाने १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. आफ्रिकेतील अनेक देशांत आज भारतीय धर्तीचे हे पंप पाणी देत आहेत.

गंजाडसारख्या विखुरलेल्या पाड्यांच्या गावात पंपाची साखळी तुटली किंवा वॉशर झिजला, तर डहाणूच्या बाजारातून किंवा पंचायत समितीच्या भांडारातून आणलेला भाग त्यास नेमका बसतो. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी मापे लिहून ठेवली, ती सर्वांना खुली केली आणि वेळोवेळी सुधारली, म्हणूनच हे घडते. प्रमाणीकरण हा रुक्ष शब्द त्या वेळी पाण्याच्या हंड्याइतका मूर्त होतो.

कागदाकडून संगणकाकडे

हातपंपाचा आराखडा कागदावर होता. कागदावरील नकाशाला अभियंते तीन बाजूंनी पाहतात : वरून दिसणारा, समोरून दिसणारा आणि मधोमध छेद घेतल्यावर दिसणारा. या तीन चित्रांवरून वस्तूची कल्पना मनात उभी करावी लागते. नीट जपलेला कागद शंभर वर्षे टिकतो आणि तो वाचण्यास डोळ्यांखेरीज अन्य साधन लागत नाही.

संगणकाने वस्तूची कल्पना मनात उभी करण्याचे श्रम वाचविले. आता वस्तू पडद्यावर फिरवून पाहता येते, तिचे वजन व घनफळ काढता येते, दोन भाग एकमेकांत अडकतात काय हे बांधण्यापूर्वीच तपासता येते. महाराष्ट्रात नागपूर मेट्रोच्या उभारणीत अशा त्रिमितीय प्रतिकृतीला कामाचे वेळापत्रक आणि खर्च यांची जोड देणारी 'फाइव्ह-डी बिम' ही पद्धत वापरण्यात आली. याच्या मोबदल्यात एक अवलंबित्व मात्र आले. बहुतेक व्यावसायिक सॉफ्टवेअर आपला आराखडा आपल्याच गुप्त लिपीत साठविते. ते सॉफ्टवेअर बनविणारी कंपनी बंद पडली, तिने जुनी आवृत्ती मोडीत काढली किंवा परवान्याचे शुल्क भरणे थांबले, तर फाइल जागेवर असूनही ती न वाचता येणाऱ्या ताम्रपटासारखी होते.

एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्यांमुळेही केवढा घोटाळा होऊ शकतो, याचे उदाहरण युरोपातील एअरबस ए-३८० या विमानाचे आहे. त्या विमानात सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या विजेच्या तारा असतात. जर्मनीतील अभियंते आराखड्याच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरीत होते आणि फ्रान्समधील अभियंते नवी. माहिती इकडून तिकडे जाताना बदल नीट पोहोचले नाहीत. २००६ मध्ये प्रत्यक्ष जोडणी करताना तारा आखूड पडल्याचे आढळून आले. विमाने देण्यास सुमारे दोन वर्षांचा विलंब झाला आणि कंपनीला अब्जावधी युरोंचा फटका बसला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेला अंदाज याहूनही बोलका आहे. बांधकामक्षेत्रात एकाची संगणकीय माहिती दुसऱ्यास वापरता न आल्याने त्या देशाचे वर्षाला सुमारे १५.८ अब्ज डॉलरचे नुकसान होत असल्याचे त्यात म्हटले होते. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश भार नकाशा काढणाऱ्यावर किंवा बांधणाऱ्यावर पडत नव्हता. तो इमारतीच्या मालकावर आणि ती सांभाळणाऱ्यावर पडत होता. शाळा, पाणीयोजना, रस्ते यांची मालक आणि सांभाळ करणारी संस्था आपल्याकडे कोण आहे? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि शासन. म्हणजे हा भार शेवटी जनतेवर येतो.

प्रमाणित फाइल म्हणजे काय

यावर तोडगा म्हणून जगातील अभियंत्यांनी सर्वांना समजेल अशी सामाईक लिपी ठरविण्याचे काम हाती घेतले. त्यातील तीन नावे प्रत्येक कार्यालयाने लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले नाव 'स्टेप'. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये या कामास आरंभ केला आणि १९९४ मध्ये 'आयएसओ १०३०३' या क्रमांकाने त्याचे पहिले भाग प्रसिद्ध झाले. यंत्रे आणि त्यांचे भाग यांच्यासाठी हे मानक आहे. स्टेप फाइलमध्ये वर्तुळ हे वर्तुळ म्हणूनच लिहिलेले असते, त्याचा मध्य आणि त्रिज्या यांसह. विशेष हे की, ही फाइल साध्या अक्षरांत लिहिलेली असते. कोणतेही महाग सॉफ्टवेअर हाताशी नसले तरी तिचा मजकूर वाचता येतो, आणि मानकाचे पुस्तक समोर ठेवून तिचा अर्थ लावणारी नवी आज्ञावली भविष्यातही लिहिता येते.

दुसरे नाव 'आयएफसी'. 'आयएसओ १६७३९' या क्रमांकाचे हे मानक बांधकामासाठी आहे. या फाइलमध्ये आकारासोबत अर्थही साठविलेला असतो. ही भिंत, ही तुळई, हे दार, ते अमुक साहित्याचे, अमुक मजल्यावरचे, असा तपशील तीत राहतो. २०२४ च्या आवृत्तीत इमारतींबरोबर रेल्वे, रस्ते, पूल आणि बंदरे यांचाही समावेश करण्यात आला आहे.

तिसरे नाव 'एसटीएल'. त्रिमितीय छपाई करणाऱ्या यंत्रांसाठी १९८७ च्या सुमारास ही फाइल प्रचारात आली. शाळांतील अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत ती विद्यार्थ्यांच्या परिचयाची झाली आहे. या फाइलमध्ये वस्तूचा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांनी झाकलेला असतो. वारली चित्रातील माणूस दोन त्रिकोणांनी उभा राहतो. त्रिकोणांनी आकार सुचविण्याची ही युक्ती छपाईपुरती उत्तम आहे, पण जतनासाठी अपुरी आहे. कारण गोल छिद्र तीत बहुभुज होते, धातूची नोंद राहत नाही, आणि माप मिलिमीटरचे की इंचाचे हेसुद्धा फाइल सांगत नाही. इंचातील वॉशर मिलिमीटरचा समजून छापला तर तो पंचवीस पटींनी लहान निघेल. म्हणून एसटीएल फाइल ही छपाईची प्रत मानावी, मूळ दस्तऐवज मानू नये.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रमाणित फाइलमध्ये सर्व काही उतरतेच असे नाही. मूळ सॉफ्टवेअरमध्ये आराखडा कोणत्या क्रमाने रचला, एक माप बदलल्यास दुसरे आपोआप कसे बदलते, हा तपशील बहुधा गळून पडतो. यासाठी मूळ फाइल आणि प्रमाणित फाइल अशा दोन्ही जपणे इष्ट ठरते. मूळ फाइल उद्याच्या दुरुस्तीसाठी, तर प्रमाणित फाइल पुढच्या पिढीसाठी.

कायद्याचा आधार

या बाबतीत आपल्याकडे कायद्याचा आधार नाही असे समजण्याचे कारण नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचे कलम ७ असे सांगते की, इलेक्ट्रॉनिक अभिलेख जतन करावयाचा तर त्यातील माहिती पुढेही वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे. तो मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दर्शविणाऱ्या स्वरूपात असला पाहिजे. आणि तो कोठून व केव्हा आला याचा तपशील त्यासोबत राहिला पाहिजे. उघडता न येणारी फाइल कपाटात ठेवणे म्हणजे जतन नव्हे, हाच याचा व्यावहारिक अर्थ होय. केंद्र शासनाने २०१० साली ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हाही आहे. पिण्याचे पाणी हा विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविण्याच्या विषयांत आहे, आणि डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने येथील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याचे बळ आहे. आपल्या गावातील योजनेचा आराखडा कोणाकडे आहे व तो उघडतो काय, असे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेस निश्चितच पोहोचतो.

या परिसराला हा प्रश्न विशेष जवळचा आहे. ५०८ किलोमीटर लांबीचा मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेमार्ग डहाणू आणि तलासरी तालुक्यांतून आखलेला आहे. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्यांविषयी येथे मतभेद आहेत आणि ते आपल्या जागी आहेत. परंतु जे जे उभे राहील त्याच्या भिंती, मोऱ्या, पूल आणि पाण्याच्या वाटा यांच्याशी येथील माणसास पुढील शंभर वर्षे राहावयाचे आहे. एखाद्या पावसाळ्यात शेतात पाणी तुंबले, तर भरावाखालील मोरी कोठे व किती रुंदीची होती, हे सांगणारा आराखडा तेव्हाच्या अभियंत्यास उघडता आला पाहिजे.

काय करता येईल

हे काम मोठ्या खर्चाचे नाही. त्याला हवी आहे ती वेळीच घातलेली अट आणि पाळलेली शिस्त.

पहिली गोष्ट निविदेची. काम देतानाच अशी अट असावी की, काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष जसे बांधले तसा आराखडा मूळ फाइल, प्रमाणित फाइल आणि मापांसह वाचता येणारे नकाशे या तिन्ही रूपांत सुपूर्द केला जाईल, आणि अखेरचे देयक त्यानंतरच अदा होईल. यंत्रासाठी स्टेप, बांधकामासाठी आयएफसी, आणि नकाशांसाठी दीर्घकाल जतनासाठीच ठरविलेले 'पीडीएफ-ए' हे स्वरूप मागावे. काम संपून ठेकेदार निघून गेल्यावर मागितलेला आराखडा क्वचितच हाती येतो.

दुसरी गोष्ट पडताळणीची. मिळालेली फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली त्याव्यतिरिक्त दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावी आणि चार-दोन मुख्य मापे नकाशाशी ताडून घ्यावीत. 'फ्रीकॅड' हे विनामूल्य सॉफ्टवेअर स्टेप आणि आयएफसी या दोन्ही फाइली उघडते, त्यामुळे यासाठी परवाना विकत घेण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट नोंदीची. फाइल कशाची, कोणत्या तारखेची, कितवी सुधारित आवृत्ती, माप कोणत्या एककात, कोणी तयार केली, कोणी स्वीकारली, एवढा तपशील साध्या नोंदवहीत असावा. जुनी आवृत्ती खोडू नये, तिच्यावर 'रद्द' असा शेरा मारून ती ठेवावी.

चौथी गोष्ट जागेची. एक प्रत गावात, दुसरी तालुक्याला किंवा जिल्ह्याला, आणि महत्त्वाच्या नकाशांची एक प्रत कागदावर. वर्षातून एकदा, मार्चअखेरच्या नोंदी तपासताना, या फाइलीही उघडून पाहाव्यात. माध्यम जुने झाले असेल तर त्या नव्या माध्यमावर उतरवून घ्याव्यात. सुरक्षेच्या दृष्टीने जे आराखडे सर्वांसाठी खुले करता येणार नाहीत, तेही शासनाच्या ताब्यात आणि वाचता येण्याजोग्या स्वरूपात असलेच पाहिजेत. गोपनीयता आणि जतन यांत विरोध नाही.

शिक्षकांकडून येथे मोलाचे साहाय्य होऊ शकेल. विद्यार्थ्यांना गावातील बंद पडलेल्या हातपंपाचा एखादा भाग मोजावयास सांगावे. त्याचे चित्र आधी वहीत, मग संगणकावर काढून घ्यावे. ते स्टेप फाइलमध्ये साठवून दुसऱ्या शाळेस पाठवावे आणि तेथील विद्यार्थ्यांना मापे परत कळविण्यास सांगावे. दोन्हींकडची मापे जुळली, तर प्रमाणीकरणाचा अर्थ मुलांना कोणत्याही व्याख्येवाचून उमगेल. मापे जुळली नाहीत, तर चूक मोजण्यात झाली, काढण्यात झाली की पाठविण्यात झाली, हे शोधताना ती अभियांत्रिकीचा पहिला पाठ शिकतील.

जालना आणि सोलापूरच्या कार्यशाळांत सुरू झालेला एक पंप आज खंडोपखंडी पाणी देतो, तो त्याच्या लिहून ठेवलेल्या, सर्वांस वाचता येणाऱ्या मापांच्या बळावर. आज कामे अधिक गुंतागुंतीची झाली आहेत आणि मापे कागदावरून फाइलीत गेली आहेत. म्हणून ती जपण्याची जबाबदारीही वाढली आहे. येत्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक पंचायतीने आपल्या पाणीयोजनेचा आराखडा कोठे आहे आणि तो उघडतो काय, एवढी एक गोष्ट तपासून पाहावी. आराखडा मिळाला नाही, तर ज्या वर्षी योजना बांधणारी माणसे अद्याप भेटू शकतात, त्याच वर्षी तो तयार करून घ्यावा.